मेंढी, घोडा, लांडगा

गुलचा गावात एसेनकुल आकेंचं, म्हणजे एसेनकुलदादांचं, नाव निघालं की लोक आधी उजवा हात छातीवर ठेवतात आणि मग बोलतात. मी ठेवत नाही. माझ्या हातात बहुतेक वेळा झारा असतो, हे एक कारण. दुसरं कारण सांगण्यासाठीच लिहायला बसले आहे, आणि सांगताना कुणालाही सोडणार नाही, स्वतःलाही नाही.

मी सानाबार. आमच्या गावात दामीर नावाच्या माणसाकडे चौदा डोंगरी मोटरसायकली आहेत. उन्हाळ्यात परदेशी पाहुणे येतात, त्या भाड्याने घेतात आणि आलायच्या डोंगरांत आठ-दहा दिवस स्वतःची हाडं खिळखिळी करून घेतात. सगळ्यांत पुढे वाटाड्या म्हणून एसेनकुल, मागे पाहुणे आणि शेवटी सामानाची गाडी. ती गाडी मी चालवते आणि मुक्कामाला पोचलो की कढईही मीच चढवते. बाई गाडी चालवते म्हणून पहिल्या वर्षी गावातली माणसं फिदीफिदी हसली. मी म्हटलं, हसा, पण माझ्या मागे उभं राहून हसू नका, धूळ तोंडात जाईल.

एसेनकुल दिसायला बुटका, रुंद, पाय घोड्यावर बसून बसून बाहेर वाकलेले. तरुणपणी घोड्यावरून बोकड पळवण्याच्या खेळात त्याचं नाव तीन खोऱ्यांत गाजलेलं होतं. त्या खेळात बोटं मोडली, बरगड्या मोडल्या, एका घोड्याने उजव्या कानाचा तुकडा तोडून नेला. तो तुकडा गेल्याचं दुःख त्याला कधी झालं नाही. घोडा चांगला होता, एवढंच म्हणायचा. मग वय झालं, खेळ सुटला, मेंढ्या विकल्या गेल्या, आणि दामीरने त्याला मोटरसायकलवर बसवलं. पन्नाशीच्या माणसाला! पण महिनाभरात असा शिकला की दामीरचे विशीतले वाटाडे तोंडात बोटं घालून बघत राहिले. खडक, वाळू, नदी, बर्फ, काहीही असो, तो गाडीवर उभा राहून असा जायचा की खाली चाकं आहेत की खूर, हे त्याला स्वतःलाही आठवत नसावं.

मग नव्या गाड्या आल्या. त्यांच्या डाव्या मुठीपाशी एक बटण असतं. रेस पूर्ण सोडायची, अंगठ्याने ते बटण दाबून धरायचं, की इंजिनाची ताकद बदलते. तीन तऱ्हा असतात. एकीत इंजिन गरीब होतं, मूठ कितीही पिळली तरी चाक हळूहळूच फिरतं. दुसरी साध्या रस्त्याची. तिसरीत सगळी ताकद एकदम मोकळी सुटते. ज्याला येतं त्याने डोंगरावर ती वापरावी, ज्याला येत नाही त्याने घरच्यांचा निरोप घेऊन यावं. कुठली तऱ्हा चालू आहे ते समोरच्या काचेवर इंग्रजी अक्षरांत दिसतं. एसेनकुलला ती अक्षरं वाचता येत नव्हती. हे कबूल करण्यापेक्षा त्याने एक गाडी नदीकाठी नेली, दिवसभर बटण दाबून दाबून दगडधोंड्यांतून फिरवली आणि संध्याकाळी परत येऊन म्हणाला, "समजलं. पहिली मेंढी, दुसरा घोडा, तिसरा लांडगा."

तेव्हापासून चढ आला की तो तांडा थांबवायचा, एकेका गाडीपाशी जायचा, स्वतःच्या अंगठ्याने मेंढी लावायचा आणि पाहुण्याच्या हेल्मेटवर टिचकी मारून विचारायचा, "कोणता प्राणी?"

पाहुण्यांना आमच्या भाषेतला हा एकच प्रश्न कळायचा. मोठमोठ्या दाढ्यांचे, सहा-सहा फुटांचे बाप्ये हेल्मेटच्या आतून "बें... बें..." करायचे. हसून हसून माझी पुरेवाट व्हायची. एकदा एका जाड्या पाहुण्याने लांडग्यासारखं हूऽऽ केलं. एसेनकुलने त्याची चावी काढून माझ्याकडे फेकली आणि म्हणाला, "सानाबार, ह्याला बटाटे सोलायला बसव. आज तुझ्या गाडीतून येईल." तो खरंच माझ्या गाडीतून आला, आणि बटाटेही चांगले सोलले.

ह्या गाड्यांची एक खोड होती. चावी फिरवून गाडी बंद केली की ती आधीचं सगळं विसरायची. पुन्हा चावी फिरवली की कारखान्यातून आली तशी थेट लांडग्यावर सुरू व्हायची. एसेनकुल पहिल्या दिवशी चहाच्या वेळी सगळ्यांना दामीरकरवी हेच बजावायचा, आणि मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही म्हणून दाखवेन. डोंगरात थांबायचं झालं तर उजव्या मुठीवरचं लाल बटण दाबायचं. त्याने इंजिन गप्प होतं, पण दिवा जळत राहतो आणि गाडीची आठवणही शाबूत राहते. चावीला हात लावायचा नाही. "चावी फिरली की ही बया बापालाही ओळखत नाही," असं तो म्हणायचा.

आता आमच्याकडे रस्त्यात कबरस्तान लागलं की पुढे तसंच जात नाहीत. थांबायचं, इंजिन बंद करायचं, दोन्ही तळहात उघडे धरून दुवा म्हणायची, तोंडावरून हात फिरवून "ओमिन" म्हणायचं आणि मग निघायचं. ट्रकवालेही थांबतात, दारू प्यायलेलेही थांबतात. पाहुणे लाल बटण दाबून उभे राहायचे. त्यांचे दिवे जळत असायचे, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. त्यांची माणसं तिथे पुरलेली नव्हती. एसेनकुल स्वतः मात्र चावी काढायचा. मेलेल्यांसमोर दिवा जळत ठेवणं म्हणजे झोपलेल्याच्या तोंडावर उजेड मारणं, असं तो मानायचा. त्याची गाडी कायम लांडग्यावरच असायची, त्यामुळे त्याला फरक पडत नव्हता.

त्याचा धाकटा भाऊ कुबात. दोघांत अठरा वर्षांचं अंतर, कुबात म्हणजे आईचं शेंडेफळ. आमच्यात धाकट्याने आईबापांजवळ राहायचं असतं, घर त्याचं आणि म्हातारपणही त्याच्याच अंगावर. कुबात राहिला नाही. लग्न केलं, बायको तातीगुलला घेऊन रशियात गेला, नऊ वर्षं तिकडच्या एका बेकरीत भट्टीपुढे उभा राहिला. म्हाताऱ्या बापाचं शेवटचं हागणंमुतणं एसेनकुलने काढलं. म्हातारा भर हिवाळ्यात गेला. कुबातला कळवलं, पण आम्ही माणसाला वाट बघायला लावत नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी माती दिली. कुबात पोचेपर्यंत कबरीवर बर्फ पडून गेलं होतं. एसेनकुल त्याच्याशी तेव्हा एक शब्द बोलला नाही, आणि कुबात तसाच परत गेला.

पुढे चार वर्षांनी कुबात कायमचा आला. तातीगुलला तिकडच्या हवेत दम्याचा त्रास सोसेना, आणि त्यालाही आपल्या माणसांत राहायचं होतं. एसेनकुलने त्याला दामीरकडे मागचा वाटाड्या म्हणून लावून दिलं. लोकांनी वाहवा केली. मीही केली. नुसती वाहवा नाही, त्या दिवशी मी मुद्दाम तुपातली भाकरी करून दोघांच्या पुढ्यात ठेवली. कुबात लाघवी होता. कढईपाशी येऊन पीठ हुंगायचा आणि मला ताई मानून म्हणायचा, "सानाबार एजे, तुमची भट्टी आमच्या रशियातल्या भट्टीपेक्षा बरी. तिथे पाव फुगायचा आणि माणूस बसायचा."

मोटरसायकल त्याला बेताचीच यायची. एसेनकुल त्याला मेंढीवरच ठेवायचा.

तो जुलैचा महिना होता. चार पाहुणे, कुबात, एसेनकुल आणि मी. कारा-बेल खिंडीच्या पायथ्याला चढ सुरू होण्याआधी एसेनकुलने नेहमीप्रमाणे तांडा थांबवला, एकेका गाडीला मेंढी लावली. कुबातच्याही गाडीला लावली, टिचकी मारून विचारलं, "कोणता प्राणी?"

"मेंढी, आके. घरातली सगळ्यांत धाकटी."

पाहुणे हसले. हे सगळं त्यांनी पाहिलं, आणि ते लक्षात ठेवायला हवं.

तिथून हाकेच्या अंतरावर कबरस्तान आहे. म्हाताऱ्याची कबर तिथेच, वाटेला लागूनच. सगळे थांबलो. पाहुण्यांनी लाल बटणं दाबली. कुबातनेही दाबलं, हेल्मेट काढलं, हात उघडले. त्याच्या गाडीचा दिवा सरळ कबरीच्या दगडावर पडला होता.

"कुबात."

"हं, आके."

"दिवा."

"कसला दिवा?"

"बापाच्या तोंडावर उजेड मारतोयस. चावी काढ."

"आके, तुम्हीच तर सांगता, चावीला हात लावायचा नाही म्हणून. पाहुण्यांनीही..."

"पाहुण्यांचा बाप पुरलाय का इथे?" एसेनकुलचा आवाज चढला. "मूठभर माती टाकायला तुला सवड झाली नाही. चार वर्षं मी इथे एकटा हात उचलतोय. आज आलायस, तर निदान दिवा तरी विझव!"

पाहुण्यांना शब्द कळले नाहीत, पण ते एकमेकांकडे बघायला लागले. कुबातचे कान लाल झाले. त्याने चावी फिरवली, काढली आणि मुठीत घट्ट धरली. दुवा एसेनकुलने म्हटली. अर्ध्यात त्याचा आवाज फाटला, मग त्याने कशीबशी पुरी केली. ओमिन झालं. त्याने तोंडावरून हात फिरवला तो ओला झाला होता, आणि कुणी बघू नये म्हणून तो लगेच हेल्मेट घालून निघाला. कधी नव्हे ते मागे वळून कुणाला प्राणी विचारला नाही.

मी आठ पावलांवर उभी होते. कुबातने चावी खोचली आणि फिरवली, तेव्हा माझ्या मनात आलं. खरंच आलं. ही बया आता विसरली असणार, हाक मारावी. पण दोघा भावांचं असं झालेलं, त्यात बाहेरच्या बाईने तोंड कशाला घालायचं, आणि आके पुढे गेलेच आहेत तर चढाशी थांबवून बघतीलच. असं म्हणून मी माझ्या गाडीचा दरवाजा उघडला. एवढ्याशा वेळात इंजिनं सुरू झाली आणि माझा आवाज पोचला असता की नाही, हे आता कोण सांगणार?

माझी गाडी त्या वाटेने जात नाही, मला वळसा घालावा लागतो. पण चढाची पहिली वळणं खालून स्वच्छ दिसतात. एसेनकुल वर निघून गेला. पाहुणे हळूहळू, मेंढीच्या चालीने चढले. कुबात शेवटी. तिसऱ्या वळणावर भुसभुशीत दगड आहेत. तिथे मेंढीवर मूठ पिळावीच लागते, नाहीतर गाडी थांबते, आणि त्याला तशीच पिळायची सवय होती. त्याने पिळली. मागचं चाक किंचाळलं, दगड उडाले, गाडी पुढून उभी राहिली आणि त्याला घेऊन वाटेच्या बाहेर गेली. खाली आली तेव्हा गाडी वर होती आणि कुबात तिच्याखाली.

चार तास मी गाडी चालवली. मागे एसेनकुल भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि एकसारखं म्हणत होता, "झोपू नकोस रे, झोपू नकोस." ते खोटं नव्हतं. त्या चार तासांत त्याच्याइतकं कुणी तळमळलं नसेल. ओशच्या मोठ्या इस्पितळात पोचलो, पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. डोक्याला मार होता, कुबात तीन दिवस शुद्धीवर आला नाही.

त्या तीन दिवसांतच सगळं ठरून गेलं. दुसऱ्या दिवशी दामीर धावत आला. इस्पितळाच्या अंगणात बाकावर एसेनकुल, तातीगुल, पाहुण्यांतले दोघे आणि मी.

"मेंढीवर नव्हती का?" दामीरने विचारलं. "ह्या पाहुण्यांनी गाडी उचलली तेव्हा काचेवर लांडगा होता म्हणतात."

एसेनकुलने जमिनीकडे बघत सांगितलं, "मी माझ्या हाताने मेंढी लावली होती. हे सगळे होते तिथे."

पाहुण्यांनी माना हलवल्या. मेंढी लावताना त्यांनी पाहिलं होतं, चावीकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. एकाने तर "बें" करून दाखवलं आणि मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

दामीर म्हणाला, "मग ह्यानेच बटण दाबलं असणार. रशियातून आलेल्यांना सगळं जोरातच लागतं. थोरल्याच्या मागे राहायचं म्हणजे कमीपणा वाटला असेल."

मी एसेनकुलच्या तोंडाकडे बघत राहिले. आता बोलेल, मग बोलेल. तो एक शब्दही खोटा बोलला नाही आणि पुढे एक शब्दही बोलला नाही. तातीगुल ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली. आमच्यात सून मोठ्या दिराचं नाव तोंडाने घेत नाही, ती नुसती म्हणाली, "थोरल्यांनी मेंढी लावून दिली होती, आणि ह्यांनी ऐकलं नाही. ह्यांनी कधी कुणाचं ऐकलं?"

आणि मी? मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते.

संध्याकाळपर्यंत गुलचात घरोघरी झालं. बढाई मारायला गेला आणि पाय घालवून बसला. कुबात शुद्धीवर आला तोवर त्याच्यासाठी ही हकिकत शिजवून तयार होती. उशाशी एसेनकुल बसला होता. कुबातने पायाच्या जागी हात फिरवला, छताकडे बघितलं आणि म्हणाला, "आके, मला माफ करा. माझ्या हातून चूक झाली म्हणतात."

एसेनकुलने त्याच्या कपाळावरून हात फिरवला. "होतं असं. माझ्या मनात काही नाही."

हे ऐकलं आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्याने माफी मागायची तो माफी देत होता! मी सूपाचं भांडं तिथेच आदळलं आणि बाहेर आले.

एकदा मी तोंड उघडलं, ते सांगायला हवं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तंबू धुऊन वाळत घालत होतो. आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "आके, त्या दिवसाची चावीची गोष्ट सांगायची राहिली."

"कुठली चावी?"

"कुठली ते तुम्हाला माहीत आहे. गाव त्याला उडाणटप्पू म्हणतंय. बायको त्याला ऐकवते. तुम्ही एक वाक्य बोललात तर..."

त्याने तंबूचं टोक खाली ठेवलं. रागावला नाही, ओरडला नाही. म्हणाला, "सानाबार, मामातला बर्फातून कुणी काढलं?"

मामात म्हणजे माझा नवरा. कडा कोसळून बर्फाखाली गेला, तेव्हा गावाने एका दिवसात आशा सोडली. एसेनकुल एकटा आणखी दोन दिवस खणत राहिला आणि तिसऱ्या दिवशी त्याला घोड्यावर घालून माझ्या दारात घेऊन आला. त्याच्यामुळे माझ्या माणसाला कबर मिळाली. सतरा वर्षांत एकदाही त्याने हे बोलून दाखवलं नव्हतं. त्या दिवशी दाखवलं. मी तंबूचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही घडी घातली. त्यानंतर तो विषय मी काढला नाही.

एसेनकुलने भावासाठी काय केलं नाही? लाकडी पायासाठी दोनदा राजधानीला घेऊन गेला. घर शाकारून दिलं, सरपण टाकलं, तातीगुलच्या औषधासाठी स्वतः खिंड ओलांडून गेला. लोक म्हणत, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. मला ते बघवत नसे. हे सगळं देऊन तो ते एक वाक्य स्वतःजवळ ठेवून घेत होता. आणि मोटरसायकलवर तोच वाटाड्या, तशाच टिचक्या मारत, तसंच "कोणता प्राणी?" विचारत. फरक एवढाच की कबरस्तानापाशी आता तो स्वतःची चावी काढत नाही. लाल बटण दाबतो. का, ते कुणी विचारत नाही.

गेल्या सप्टेंबरात तो त्रेसष्टाचा झाला. पैगंबर ह्या वयात गेले, म्हणून आमच्याकडे त्रेसष्टी गाठणाऱ्या माणसाची मेजवानी करतात. ह्यापुढचं आयुष्य वरकड समजतात आणि मागचं सगळं माफ करून-करवून घेतात. गावाबाहेरच्या हिरवळीवर तीन गोल तंबू लावले. घोडी कापली होती. मी पहाटेपासून चुलीवर. वडीलधाऱ्यांना मानाप्रमाणे हाडं वाढली गेली, आणि मग एकेक जण उठून शुभेच्छा बोलायला लागला. प्रत्येक शुभेच्छेला सगळ्यांचे हात वर, ओमिन.

कुबात उठला. लाकडी पायावर उठताना तो आधी जमिनीला हात टेकतो.

"आके," तो म्हणाला, "आज तुमचं पैगंबरांचं वय झालं. ह्या वयात माणूस मन मोकळं करतो म्हणतात. कारा-बेलच्या वाटेवर जे झालं, त्याबद्दल मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो. माझ्या मनात तुमच्याबद्दल काही राहिलेलं नाही. तुमच्या मनात काही राहिलं असेल, तर तुम्हीही आज बोला. इथे सगळी आपलीच माणसं आहेत."

एसेनकुलच्या मांडीवर धाकटी नात होती. त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "माझ्या मनात काही नाही रे. केव्हाच माफ केलंय."

ओमिन. बायकांनी डोळे पुसले. दामीर तर हुंदका देऊन रडला.

मी तंबूबाहेर आले. थोड्या वेळाने कुबातही आला आणि पाण्याच्या झारीपाशी बसून हात धुवायला लागला. माझा ताबा सुटला. "मूर्खा!" मी म्हणाले. "कुणाची माफी मागतोस? तू बटणाला हातही लावला नव्हतास! तुला चावी त्याने काढायला लावली. दिवा विझव म्हणून ओरडला. मी होते तिथे, माझ्या ह्या कानांनी ऐकलंय!"

तो हात धूत राहिला.

"हळू, एजे. ऐकतील."

"ऐकू देत!"

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "दिवा, चावी, त्यांचा आवाज, सगळं आठवतंय मला. शुद्धीवर आलो त्या दिवसापासून."

मी विचारलं, "मग माफी का मागतोस?"

"त्यांना बोलायला जागा मिळावी म्हणून. ईदला मागतो, दर वर्षी बाप गेला त्या दिवशी मागतो. प्रत्येक वेळी वाटतं, आता म्हणतील, नाही रे कुबात, तुझी चूक नव्हती. मी म्हटलं तर ते भांडण होईल. त्यांनी म्हटलं तर माझा भाऊ मला परत मिळेल. मला पाय नकोय, एजे. पाय काय परत येणार आहे?" त्याने हात झटकले. "आज तर नक्की वाटलं होतं."

"चार वर्षं वाट बघतोयस?"

"त्यांचीच नाही," तो म्हणाला, पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून. "तिथे त्या दिवशी तुम्हीही होतात."

मी टॉवेल देईपर्यंतही तो थांबला नाही, पँटला हात पुसून आत गेला. मी तिथेच उभी होते. चुलीवर रस्सा उतू गेला, तोही मी उतरवला नाही.

मग आतून हाक आली. "सानाबार! सगळे बोलले, आता आमच्या स्वयंपाकिणीची शुभेच्छा! ये, ये!"

मी आत गेले. सगळे हसऱ्या तोंडाने बघत होते. कुबात दाराजवळच्या जागेवर बसला होता, लाकडी पाय पुढे ताणून. तो हसत नव्हता. एसेनकुल समोर, मानाच्या जागी. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं की बाहेरचं माझं ओरडणं त्याने ऐकलं आहे. घोड्याने कान तोडला तेव्हा न डगमगलेला तो माणूस घाबरला होता. त्याने नातीला जवळ ओढून घेतलं. मला त्याची कीव आली. त्या किवेचा मला आजही राग येतो.

मी उजवा हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, "आके, शंभर वर्षं जगा."

सगळ्यांनी हात उचलले. कुबातनेही उचलले आणि तोंडावरून फिरवले.